घटस्फोटात घर कुणाचं, सोनं कुणाचं, कर्ज कुणाचं? महाराष्ट्रातल्या जोडप्यांसाठी पायरीपायरीने

"घटस्फोट झाला की नवऱ्याच्या प्रॉपर्टीतला अर्धा हिस्सा बायकोला मिळतो." हे तुम्ही एखाद्या मावशीकडून किंवा व्हॉट्सॲपवर ऐकलंच असेल. महाराष्ट्रात असा कायदा नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं एक विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा कधी झाला नाही. अफवा मात्र अजून जिवंत आहे. तिच्या भरवशावर काही बायका बोलणी ताणून धरतात आणि तिच्या धास्तीने काही नवरे घाईघाईत भावाच्या नावावर फ्लॅट करतात. दोघांचंही नुकसानच होतं.

मी वकील नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटातून गेले आहे, तेव्हा दोघांच्या नावावर फ्लॅट होता आणि त्यावर चालू कर्ज होतं. त्या काळात कुणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. हे मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झालेल्यांसाठी आहे. मुस्लिम स्त्रियांसाठी मेहर आणि १९८६ चा वेगळा कायदा आहे, पारशी आणि ख्रिस्ती विवाहांचे कायदेही वेगळे आहेत. त्यांनी पायरी २, ४ आणि ८ वापरावी, बाकीचं आपल्या वकिलाला विचारावं.

## १. आधी नियम डोक्यात पक्का करा

लग्नामुळे मालकी बदलत नाही. नवऱ्याच्या नावावरचं नवऱ्याचं, बायकोच्या नावावरचं बायकोचं, दोघांच्या नावावरचं दोघांचं. कोर्ट सगळी मालमत्ता एकत्र करून दोन ढीग पाडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली कोर्ट वस्तूंचा निर्णय देऊ शकतं, पण तो लग्नात किंवा लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या आणि दोघांच्या मानल्या जाणाऱ्या वस्तूंपुरता.

मग जिच्या नावावर काहीच नाही, जिने पंधरा वर्षं घर सांभाळलं, तिचं काय? मालकी नाही, पण कलम २५ ची कायमची पोटगी ठरवताना कोर्ट नवऱ्याचा पगार आणि त्याची इतर मालमत्ता, दोन्ही बघतं. पोटगीची रक्कम सुरक्षित राहावी म्हणून त्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजाही चढवता येतो. म्हणजे त्याचा फ्लॅट तुमचा होत नाही, पण तुमच्या पोटगीच्या आकड्यात तो मोजला जातो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गृहिणीच्या कष्टांना मालमत्तेतल्या समान वाट्याचा आधार मानलं. तो निकाल युक्तिवादात दाखवता येतो, महाराष्ट्रातल्या कोर्टावर मात्र तो बंधनकारक नाही.

गोव्याचं गणित पूर्ण वेगळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी नोंदवलेला वेगळा करार नसेल, तर लग्नासोबत मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा मानला जातो. घटस्फोटानंतर ती इन्व्हेंटरीच्या, म्हणजे सगळ्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या, प्रक्रियेतून वाटली जाते. सावंतवाडी-पेडणे अशा सोयरिकी असणाऱ्यांनी लग्नाची नोंद कुठे आणि कोणत्या कायद्याखाली झाली ते आधी पाहावं. गोव्यात झाली असेल तर तिथलाच वकील गाठा.

## २. बोलणी नंतर, कागद आधी

नातं बिघडलं की घरातल्या फायली सगळ्यात आधी गायब होतात. म्हणून कुणाला काही बोलण्याआधी हे जमवा. मूळ प्रत मिळत नसेल तर स्कॅन किंवा साध्या मोबाइलचा फोटोही चालेल.

- लग्नाचा दाखला, दोघांचे आधार आणि पॅन
- फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा)
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या, घरपट्टीची पावती
- गृहकर्जाचं मंजुरीपत्र, आजपर्यंतचं स्टेटमेंट, शिल्लक मुद्दलाचं पत्र
- डाउन पेमेंट ज्या खात्यातून गेलं त्या खात्याचं तेव्हाचं स्टेटमेंट
- शेती किंवा गावचं घर असेल तर सातबारा, आठ-अ, फेरफार. शहरी जमिनीला प्रॉपर्टी कार्ड
- तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा
- एफडी, म्युच्युअल फंड, डीमॅट, पीएफ, पीपीएफ, विमा यांचे तपशील
- सराफाची बिलं, लॉकरचा करार, लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ

इंडेक्स टू हरवला असेल तर घाबरू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की तो सापडतो. तुमच्या अपरोक्ष घर कुणाला विकलं किंवा बक्षीस दिलं का, हेही तिथेच कळतं. सातबाऱ्यासाठी महाभूलेख आहे.

बँकेची जुनी स्टेटमेंट मिळायला वेळ लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचं स्टेटमेंट शाखेत अर्ज करून मागवावं लागलं तर ते लगेच हातात पडत नाही. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

आणि एक पथ्य. समोरच्याचा पासवर्ड वापरून त्याच्या नेट बँकिंगमध्ये शिरू नका. पुरावा मिळाला तरी तुमच्यावरच नवं लचांड येतं. कोर्टात प्रकरण उभं राहिलं की त्याला आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावी लागतात. पोटगीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने हे देशभर लागू केलं आहे. त्या खटल्यातल्या नवरा-बायकोच्या नावांवरून वकील मंडळी त्याला 'रजनेश-नेहा'चं ॲफिडेव्हिट म्हणतात. त्यात खोटं लिहिणं महागात पडतं.

## ३. स्त्रीधनाची यादी वेगळी काढा

वाटाघाटीत स्त्रीधन आणूच नका. ते वाटायचं नसतं, परत द्यायचं असतं. माहेरून आलेलं, सासरच्यांनी अंगावर घातलेलं, मित्र-नातेवाइकांनी वधूला दिलेलं, हे सगळं तिच्या एकटीच्या मालकीचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे स्पष्ट केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की नवऱ्याचा त्यावर ताबा नाही. अडचणीत त्याने ते वापरलं असेल तर ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याच्यावर आहे. "सगळे दागिने आईच्या लॉकरमध्ये आहेत" म्हणजे ते सासूबाईंचे झाले असं नव्हे. त्या फक्त सांभाळणाऱ्या.

यादी अशी करा: दागिना, वजन ग्रॅममध्ये, कुणी दिला, कधी, पुरावा काय, आत्ता कुठे आहे. "पाटल्या, २ नग, ४० ग्रॅम, आईबाबांकडून, लग्नात, सराफाचं बिल आहे, सासरच्या लॉकरमध्ये" इतकं नेमकं. ठुशी, बोरमाळ, तोडे, वाढदिवसाची अंगठी, बारशाला मिळालेलं, सगळं येऊ द्या. बिल नसेल तर लग्नाचा फोटो पुढे करा. नवरीच्या गळ्यातली मोहनमाळ फोटोत ठसठशीत दिसत असते आणि समोरच्या वकिलाला ती नाकारता येत नाही. व्हिडिओवाल्याने रुखवताजवळ दागिन्यांचं क्लोज-अप शूटिंग केलं असेल, तर त्या कंटाळवाण्या कॅसेटचं आज सोनं झालं समजा.

लॉकर कुणी कोणत्या तारखेला उघडला याची नोंद बँकेत असते. ती नोंद वेळेत मागा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर दोघं, दोन्हीकडचं एकेक माणूस आणि तिथेच केलेली लेखी यादी, चौघांच्या सह्या, असं करून तो उघडा.

किंमत रुपयांत ठरवून मोकळं व्हायचं असेल तर ग्रॅमला त्या दिवसाच्या दराने धरा. लग्नातल्या बिलाची रक्कम धरून हिशेब मांडला जातो तेव्हा बायको निम्म्याहून जास्त गमावते.

नवऱ्याला मिळालेलं त्याचं: चेन, अंगठी, त्याच्या नावावरची गाडी. सोफा, फ्रिज, ओट्यावरच्या वस्तू यांवर वकिलाची फी जाळू नका. एक रविवार, दोन रंगांचे स्टिकर, विषय संपला.

## ४. दोघांच्या नावावरचा फ्लॅट

खरी मारामारी इथेच असते, म्हणून इथे जरा थांबू.

करारावर दोन नावं असली आणि कुणी किती भरले याचा पुरावाच नसला, तर कायदा दोघांचा हिस्सा समान मानतो. पुरावा असला तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ हे सांगतं. पायरी २ मध्ये डाउन पेमेंटचं स्टेटमेंट मागायला लावलं ते याचसाठी.

समजा, फ्लॅटची आजची किंमत ९० लाख आणि कर्ज शिल्लक ४० लाख. हातात उरतात ५० लाख. घेताना २० लाख रोख भरले होते: १२ त्याच्या वडिलांनी दिलेले, ८ तिची एफडी मोडून. हप्ता त्याच्या पगारातून जायचा. किराणा, शाळेची फी, बाईचा पगार, वीजबिल तिच्या पगारातून. तो म्हणतो हप्ते मी भरले, घर माझं. ती म्हणते मी घर चालवलं म्हणून तू हप्ते भरू शकलास. माझ्या मते तिचं बरोबर आहे, पण कोर्टात ते आपोआप सिद्ध होत नाही. शाळेची फी, किराणा, मेंटेनन्स तिच्या खात्यातून जात होते हे दाखवणारी पाच-सहा वर्षांची स्टेटमेंट समोर ठेवली, तर बोलणी निम्म्या-निम्म्याकडे येतात, म्हणजे २५-२५ लाखांकडे. स्टेटमेंट नसतील तर त्याच्या वकिलाचा पहिला आकडा आठ लाखांपासून सुरू होणार हे धरून चाला.

घर बायकोच्या एकटीच्या नावावर, पण पैसे नवऱ्याचे, असंही खूप घरांत असतं. बेनामी कायद्यात पती-पत्नीला सवलत आहे. ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर घेतलेलं घर बेनामी ठरत नाही, त्यामुळे पैसा माझा होता असं तो म्हणू शकतो. सिद्ध मात्र त्याने करायचं.

आता पर्याय. विकून कर्ज फेडायचं आणि उरलेलं वाटायचं, हा सगळ्यात स्वच्छ. एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा, हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा. "सध्या तसंच राहू दे, पुढे बघू" हा तिसरा, आणि त्याच्यापासून लांब राहा. पुढे बघायला गेलात की एकाचं दुसरं लग्न झालेलं असतं, सोसायटी थकबाकी दोघांकडे मागत असते आणि विकताना सहीसाठी परत याच माणसाची मनधरणी.

किंमत ठरवताना सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. रेडी रेकनरचा दर मुद्रांकासाठी असतो. बाजारभाव वेगळा. नवऱ्याचा मित्र असलेल्या एजंटाचं तोंडी मत हा तर भावच नव्हे.

कर्जाचा सापळा. "यापुढे हप्ते नवरा भरेल" असं तुमच्या कराराने आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यानेही म्हटलं, तरी बँकेचं देणं दोघांवरच राहतं. बँक तुमच्या करारात नाही. त्याने दोन हप्ते चुकवले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तुमचा खाली येतो आणि तुमचं नवं कर्ज अडतं. म्हणून घर ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का, हे बोलणी पक्की होण्याआधी बँकेला विचारा. बसत असेल तर दुसऱ्याचं नाव सहकर्जदार म्हणून काढायचं किंवा दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर कर्ज हलवायचं. तोंडी "होऊन जाईल साहेब" पुरत नाही, मंजुरीपत्र हातात हवं. ते मिळत नसेल तर घर ठेवणं त्याला परवडत नाही आणि विकणं भाग आहे, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना तेव्हाच सांगून टाका.

## ५. सासरचं घर आणि शेती

घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यात सुनेला मालकी हक्क नाही. राहण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली ती जिथे नवऱ्यासोबत संसार करत होती, ते घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी तिला तिथून बेकायदा बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. तो निवारा आहे, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हक्कांशी त्याचा तोलही कोर्ट राखतं. त्याच्या जिवावर विक्रीच्या रकमेत वाटा मागू नका.

वडिलोपार्जित शेतीत नवऱ्याचा हिस्सा त्याचा. घटस्फोटामुळे बायकोला त्यातून तुकडा काढून मिळत नाही, पण त्या हिश्श्याचं उत्पन्न पोटगीत धरलं जातं. शेती असलेल्यांसाठी मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाही वेगळा आहे. लक्ष्मीमुक्ती किंवा तशा योजनेत सातबाऱ्यावर तुमचं नाव आधीच लागलं असेल, तर ते कोणत्या फेरफाराने लागलं त्याची प्रत काढून ठेवा. "तेवढी एक सही कर, तलाठ्याकडे द्यायची आहे" असं म्हणून पुढे आलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करायची नाही.

## ६. पीएफ, विमा, शेअर्स

हे पटकन. पीएफ ज्याचा त्याचा, आणि जप्तीपासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पीपीएफही तसाच. तो तोडून द्यायला लावता येत नाही, पण तो आहे हे पोटगीत मोजता येतं. नवऱ्याने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली विमा घेतला असेल, तर ती रक्कम बायको-मुलांसाठीच्या ट्रस्टसारखी असते, तो परस्पर फिरवू शकत नाही. पॉलिसीच्या कागदावर तसा उल्लेख आहे का पाहा. जोड खातं "कोणीही एक" पद्धतीचं असेल तर बँकेला लेखी कळवून "दोघांच्या सहीने" करून घ्या. नाहीतर एका दुपारी ते रिकामं होतं. आयटीवाल्यांनी कंपनीचे शेअर, अजून न मिळालेले धरून, यादीत घालावेत. क्रेडिट कार्डाचं ॲड-ऑन आणि मेहुण्याच्या कर्जाला दिलेली जामीनकीही देण्यांच्या रकान्यात लिहा.

## ७. पोटगी आणि मालमत्ता एकाच कागदावर मांडा

बरेच लोक आधी पोटगीवर भांडतात, मग घरावर. एकच तक्ता करा: डावीकडे तो काय ठेवतो, उजवीकडे ती, खाली मुलांचं. घर तिला दिलं तर एकरकमी रक्कम कमी होईल, हे समोर दिसलं की आवाज खाली येतात.

एकरकमी पोटगी भांडवली रक्कम मानली जाते, त्यावर सहसा आयकर लागत नाही. दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते. हप्त्याने रक्कम घेणार असाल तर सीएला एकदा विचाराच.

"आपण भांडायला नको, फ्लॅट पोराच्या नावावर करू" हा तोडगा मध्यस्थाला फार आवडतो. मूल अज्ञान असेल तर पुढे ते घर विकायला किंवा गहाण ठेवायला कोर्टाची परवानगी लागते, आई असो वा वडील. शाळा बदलली, नोकरीचं गाव बदललं, घर हलवायचं म्हटलं की पुन्हा कोर्ट. मुलासाठी पैसे ठेवायचे असतील तर एफडी किंवा, मुलगी असेल तर, सुकन्या समृद्धी बरी.

## ८. कन्सेंट टर्म्स: प्रत्येक ओळीत तारीख आणि आकडा

परस्पर संमतीच्या अर्जासोबत अटींचा जो मसुदा जातो त्याला कोर्टात सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतात. तो बहुधा इंग्रजीत असतो. मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांसमोरही शंका मोकळेपणाने विचारा. त्यांचं ते कामच आहे.

वाईट ओळ: "पती सदर फ्लॅट पत्नीस देईल."

चांगली ओळ: "पती फ्लॅट क्रमांक अमुक, सर्व्हे नंबर तमुक, क्षेत्रफळ इतके, करारनामा दस्त क्रमांक अमुक, यातील आपला अविभक्त निम्मा हिस्सा अमुक तारखेपूर्वी नोंदणीकृत दस्ताने पत्नीच्या नावे करून देईल, मुद्रांक व नोंदणीचा खर्च पत्नी करेल, त्या तारखेपर्यंतचे हप्ते, घरपट्टी व मेंटेनन्स पती भरेल, पत्नी अमुक तारखेपर्यंत कर्ज स्वतःच्या नावे करून पतीचे नाव कमी करून घेईल, मुदतीत दस्त न झाल्यास दरमहा इतकी रक्कम देय होईल."

लांबलचक वाटेल, पण पुढे अंमलबजावणीसाठी जायची वेळ आली तर कोर्ट याच ओळी वाचतं. पोस्ट-डेटेड चेक घेऊ नका. डीडी घ्या किंवा रक्कम कोर्टात जमा करायला लावा.

दस्त कोणता आणि केव्हा. बरेच लोक समजतात की हुकूमनाम्यात फ्लॅटचा उल्लेख आला की काम झालं. सोसायटी आणि बँक सहसा नोंदणीकृत दस्त मागतात. तो दस्त घटस्फोटाआधी होतो की नंतर, यावर लाखो रुपये अवलंबून असतात.

महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरात त्यावर स्थानिक अधिभार लागू शकतो. हक्कसोडपत्राची, म्हणजे एकाने आपला हिस्सा दुसऱ्यासाठी सोडल्याच्या दस्ताची, सवलत वडिलोपार्जित मिळकतीपुरती आहे. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटच्या हक्कसोडीला खरेदीखतासारखं शुल्क बसतं. ४५ लाखांच्या निम्म्या हिश्श्यावर पुण्यात ७ टक्क्यांनी ते ३ लाख १५ हजार होतं. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही, त्यामुळे बक्षीसपत्राची ही सवलतही जाते.

मग आधीच बक्षीसपत्र करून टाकावं? थांबा. परस्पर संमतीचा अर्ज दाखल केल्यावरही अंतिम आदेश होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मात्र असं सहज मागे घेता येत नाही. म्हणजे घर गेलं आणि घटस्फोटही अडकला, असं होऊ शकतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कन्सेंट टर्म्स आणि बँकेचं मंजुरीपत्र, मग अर्ज, मग अंतिम तारखेच्या अगदी तोंडावर बँकेच्या एनओसीसह दस्त, पोटगीचा डीडी वकिलांकडे किंवा कोर्टात, आणि लगोलग अंतिम जबाब. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा थांबा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे योग्य प्रकरणात माफ होतो. तो माफ झाला तर अर्ज आणि अंतिम आदेश यांच्यातला धोक्याचा काळ आणखी लहान होतो.

आणखी एक. हिश्श्याचे पैसे घेऊन दस्ताला बक्षीसपत्र म्हणणं चालत नाही. बक्षीस मोबदल्याशिवायच असतं. पोटगी कोणती, हिश्श्याची किंमत कोणती, हे मसुद्यात कसं मांडायचं ते नोंदणीची कामं करणाऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. घटस्फोटाचे वकील याकडे फारसं बघत नाहीत, असा माझा अनुभव.

## ९. जमलंच नाही तर

पती-पत्नीमधल्या मालमत्तेचा दावा कौटुंबिक न्यायालयातच चालतो, १९८४ च्या कायद्याने. जिथे ते न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. संयुक्त फ्लॅटच्या वाटपाचा दावा करता येतो. फ्लॅटच्या मधोमध भिंत घालता येत नसल्याने शेवटी विक्री किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं, यावरच गाडी येते. फक्त वर्षं जातात.

समोरचा घर विकायच्या बेतात असेल तर मनाई हुकमाचा अर्ज लगेच द्या. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवतात त्या कार्यालयात, नोंदवून घ्या. मुंबईत तर नोंदवल्याशिवाय तिचा खरेदीदारावर परिणामच होत नाही.

खर्चाची धास्ती असणाऱ्या बायकांसाठी: महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

परदेशात राहणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवा: कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानली जाते, पण तिथल्या आदेशाने ठाण्यातल्या फ्लॅटचा इंडेक्स टू बदलत नाही. इथल्या मिळकतीसाठी इथे दस्त लागतो. त्यासाठी द्यायचं मुखत्यारपत्र त्या एका मिळकतीपुरतं आणि त्या एका कामापुरतं ठेवा.

## १०. हुकूमनाम्यानंतरची कामं

हुकूमनाम्याच्या चार-पाच सर्टिफाइड कॉपी एकदम काढा. मग सोसायटीत दस्त आणि इंडेक्स टू देऊन शेअर सर्टिफिकेटवर नाव बदला, घरपट्टी आणि वीजबिलावरही. बँकेकडून सहकर्जदाराचं नाव कमी झाल्याचं पत्र घ्या आणि दोन महिन्यांनी सिबिल काढून ते खरंच गेलं का पाहा. कर्ज पूर्ण फेडलं असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. शाखेत हा नियम माहीत असल्याचं नुसतं दाखवलं तरी फाइल हलते.

पीएफ, विमा, डीमॅट, एफडी आणि सोसायटीतलं नामनिर्देशन एकाच बैठकीत बदलून टाका. जुन्या जोडीदाराचं नाव राहिलं तर तुमच्या मागे म्हातारे आईवडील त्याच्याशी पत्रव्यवहार करत बसतील. आधी इच्छापत्र केलं असेल तर नवं करा, कारण घटस्फोटाने जुनं आपोआप रद्द होत नाही. नव्या इच्छापत्रात मुलांच्या वाट्याचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत कुणी सांभाळायचे त्या माणसाचं नाव लिहा, आणि त्याला आधी विचारून घ्या.